मळ्याची ओवी

पंधरा दिवसांत बनुबाईंनी तिसऱ्यांदा डोकं दुखत असल्याचं सांगितलं, आणि लीलानं ते तिसऱ्यांदा खरं मानलं. एरवी या पोरीला आईच्या बोलण्यातली खोट लगेच कळायची, पण सध्या तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पुरी होत होती आणि नांदणवाडीत कधी नव्हे ती गोष्ट घडत होती. तालमीची पोरं, पीरगल्लीची पोरं आणि हादग्याच्या मुली मिळून एकच खेळ बसवत होती. लेझीम तालमीचं, ताशे पीरगल्लीचे, गाणी मुलींची, मधूनमधून नाटकाचे प्रवेश, आणि मागं पेंटरच्या पोरानं जुन्या धोतरांवर रंगवलेला डोंगराचा पडदा. हा डोंगर जरा जास्तच हिरवा झाला होता. यंदा जूनपासून पावसाचा पत्ता नव्हता आणि खरा डोंगर पिवळा पडून राहिला होता, पण पोराचं म्हणणं, निदान रंगात तरी कंजुषी नको.

विषय गावचाच होता. चव्वेचाळीस साली भूमिगत असताना पोलिसांच्या गोळीनं गेलेले दादासो. म्हणजे बनुबाईंचे थोरले दीर, चंद्राबाईंचे मालक. शाळेपुढं त्यांच्या नावाचा चौथरा होता. दर पंधरा ऑगस्टला चंद्राबाई त्यावर हार घालायच्या आणि कुणाशी न बोलता घरी यायच्या.

"आई, दोन ओव्या सांगाय तुझं काय जातं गं?" लीला दारातच चपला घालत म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता. मोठ्याईनं सांगितल्या."

बनुबाईंचा परातीतला हात थांबला. "दोन्ही?"

"दोन्ही. पावसाची आन मळ्याची. चार वाजता शाळंच्या पटांगणात सगळा खेळ सुरुवातीपास्नं करून बघणार हाय. तुमी दोघी च्या घिऊन या. लालातात्यांनी एक नवा प्रवेश घातलाय म्हणं मधी."

ती गेली. तव्यावरची भाकरी करपली, घरभर वास सुटला, आणि बनुबाई तशाच बसून राहिल्या.

दादासो भूमिगत होते त्या काळी हे घर डोंगराकडच्या टोकाला एकटंच होतं. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईचा आवाज वरच्या करवंदीच्या जाळ्यांपर्यंत सहज जायचा, आणि जाळ्यांमागं दादासो कान लावून बसलेले असायचे. सासूबाईंनी, राहीबाईंनी, रीत घालून दिली होती. गावात पोलीस असले तर पावसाची ओवी म्हणायची, वाट मोकळी असली तर मळ्याची. मळ्याची ऐकली की दादासो खाली उतरायचे, ऊन ऊन भाकरी खायचे आणि फटफटायच्या आत परत जायचे. जात्यावर बहुतेक चंद्राबाईच असत. नवऱ्याला बोलवायचं काम बायकोचंच, असं राहीबाई हसत म्हणायच्या. हसायचे दिवस होते ते, जरी पोलीस मागावर होते तरी.

मग एका पहाटे गल्लीत पोलीस दबा धरून बसले असताना दादासो उतरले, आणि गोठ्याच्या कुडाशी त्यांना गोळी लागली.

ते उतरलेच कसे, हा प्रश्न गावाला पडला. राहीबाई खंडोबाची शपथ घेऊन सांगत होत्या, ओवी पावसाचीच झाली. आणि डोंगरावर दादासोंच्या सोबत असलेला, निरोपांची ने-आण करणारा रमजान शिंपी सांगत होता, ओवी मळ्याची आली, मी माझ्या कानांनी ऐकली. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. कोण ते ठरवायला गावानं अर्धा दिवसही घेतला नाही. रमजाननंच वाट मोकळी असल्याचं सांगून दादासोंना मरणाच्या तोंडी दिलं, त्याचं पोलिसांशी आतून संधान होतं, असं ठरलं. दादासोंचे पाठचे भाऊ हंबीरराव, म्हणजे बनुबाईंचे मालक, तेव्हा बावीस वर्षांचे, लालासाहेब सोळाचे. दोघांनी रमजानला चौकात पालथा घातला आणि त्याच्या तळपायांवर वेत मोडेपर्यंत झोडलं. तो मेला नाही. पण पायमशीन त्याला पुढं कधी जमलं नाही, तो हातमशीनच चालवायचा. या घरातलं पोलकंसुद्धा तेव्हापासून कधी गावात शिवलं गेलं नाही. कापड कुंडलला जायचं.

आणि रमजान खरं बोलला होता. तो स्वतः सोडला तर हे ठाऊक असलेलं गावात एकच माणूस आता जिवंत आहे, असं बनुबाईंना वाटत होतं, आणि ते माणूस म्हणजे त्या स्वतः. त्या पहाटे जात्यावर त्या बसल्या होत्या. मळ्याची ओवी त्यांनीच म्हटली होती.

चार वाजता दोघी जावा चहाची किटली आणि पेल्यांची टोपली घेऊन निघाल्या. चंद्राबाई पुढं, बनुबाई मागं. लग्न होऊन आल्या दिवसापासून त्या अशाच चालत. सासूपेक्षाही जास्त या जावेनं बनुबाईंना घडवलं होतं. मराठी बोलायला शिकवलं ते चंद्राबाईंनी. लीलाला न्हाऊ-माखू घातलं ते त्यांनीच. पोरीनंही 'मोठ्याई' म्हणून त्यांनाच आधी हाक मारली होती. बनुबाई त्यांना आक्का म्हणायच्या. आक्काच्या कपाळाकडं बघायची वेळ आली की मात्र त्या अठ्ठावीस वर्षं दुसरीकडं बघत आल्या होत्या.

पटांगणात चांगलीच दाटी होती. हंबीरराव लष्करातून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. लेझमाच्या पोरांना त्यांनी पलटणीसारखं उभं केलं होतं आणि "एक, दोन, तीन, झुक" असा पुकारा चालला होता. लालासाहेब खुर्चीत बसून, हातातल्या वहीची गुंडाळी करून, सगळ्यांना एकाच वेळी हुकूम सोडत होते. हा माणूस नाटकात कधी उभा राहिला नव्हता, पण नाटक कसं असावं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसे. एका बाजूला पीरगल्लीची सात पोरं ताशे गळ्यात अडकवून बसली होती. त्यांचा म्होरक्या शमशेर, रमजान शिंप्याचा थोरला मुलगा. ताबुतात त्याचा ताशा ऐकायला शिराळ्याकडची माणसं यायची.

जात्याचा प्रवेश सुरू झाला. चार मुली गोल बसल्या, लीलानं खुंट्याला हात घातला आणि म्हणाली:

पाऊस आला बाई, वळचण गळती दारी
बंधू माझ्या राजसा, ऱ्हा रं आपुल्या शिवारी

"म्हना गं पोरींनो, म्हना," कडेला बसलेली भामाबाई म्हणाली. "त्या निमतानं तरी पडू दे." माणसं हसली.

शमशेरनं ताशावर हलकेच काडी फिरवली. लांबून पोलिसांचे बूट यावेत तसा आवाज आला, आणि बनुबाईंच्या हातातला पेला निसटून मातीत पडला. कुणाचं लक्ष गेलं नाही. कारण त्याच वेळी तालमीतला एक पोरगा पाठीत वाकून, इकडंतिकडं बघत, खबऱ्या म्हणून पुढं आला. त्याच्या गळ्यात शिंप्याचा टेप होता.

काहीजण हसले. ताशा थांबला.

"तात्या," शमशेर बसल्या जागेवरून म्हणाला, "ह्याच्या गळ्यात टेप कशापायी?"

"खबऱ्या हाय त्यो."

"खबऱ्याला टेप लागतो व्हय?"

लालासाहेबांनी वही मांडीवर आपटली. "नाव घेतलंय का कुणाचं? गावात शिंपी एकच हाय, त्याला मी काय करू?"

"एकच हाय म्हणून तर इचारतोय."

शमशेर उठला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. गळ्यातला ताशा काढून त्यानं मातीत ठेवला. त्याच्या मागं एकेक करून सहाही पोरांनी ठेवले.

लीला जात्यावरून उठून आली होती. "तात्या, ह्ये आमच्या वहीत न्हवतं. आमी तिन्ही मंडळांनी बसून लिवलंय. खबऱ्या न्हवताच त्यात."

"न्हवता म्हणून तर घातला. अगं, नाटकाला कारण लागतं. पावसाची ओवी म्हटली, आन तरी दादा खाली उतरला, ते कसं? लोक इचारतील का न्हाई?"

"इचारू द्यात. आमाला म्हाईत न्हाई म्हणून सांगू."

"मला म्हाईत हाय." लालासाहेबांचा आवाज एकदम घोगरा झाला. "सोळा वर्साचा हुतो मी. ह्या हातांनी उचललाय त्याला. मला सांगू नगंस."

"माझ्या अब्बानं अठ्ठावीस वर्सं एकच सांगितलंय," शमशेर म्हणाला. "मळ्याची ओवी आली. मार खाताना सुदिक त्येच सांगितलं. एकदा बी फिरवलं न्हाई."

"आन माझ्या आयनं? तिनं बी फिरवलं न्हाई. खंडोबाची शप्पत घेतली हुती तिनं. तू म्हणतोस ती शप्पत खोटी?"

मेलेल्या म्हातारीच्या शपथेला खोटं म्हणणं शमशेरच्यानं होईना. लीलानं चंद्राबाईंकडं पाहिलं. "मोठ्याई, तू तरी बोल की."

चंद्राबाई पेले पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कशाला मधी घेता? मी बाहेरची हुते तवा. गोठ्यात बसलेली."

पीरगल्लीची पोरं निघाली. हादग्याच्या दोघी मुली रडायला लागल्या होत्या. अडीच महिन्यांचा खेळ पाच मिनिटांत मोडला होता, आणि मातीत सात ताशे उघडे पडले होते. बनुबाईंनी ते बघितले. आता बोललं नाही तर परवा हाच टेप साऱ्या गावापुढं त्या माणसाच्या गळ्यात पडणार, आणि आपण पहिल्या रांगेत बसून बघणार, एवढं त्यांना लख्ख दिसलं. बोललं तर घर जाणार. आक्का जाणार. नवरा जाणार. त्यांनी किटली खाली ठेवली.

"व्हय भावजी," त्या म्हणाल्या. "शप्पत खोटी हुती."

लालासाहेबांना आधी कोण बोललं तेच कळेना. या वहिनीनं पुरुषांच्या बोलण्यात तोंड घातलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"शमशेर, थांब बाबा. तुझा बा खरं बोलला. ओवी मळ्याचीच झाली. म्हणणारी मी हुते."

हंबीरराव पोरांच्या रांगेतून पुढं आले, पण अजून ते फक्त ऐकत होते.

"आक्का बाहेरची बसलेली," बनुबाई सांगू लागल्या. "म्हणून जात्यावर मी एकटीच. सोळा वर्साची. लगीन होऊन चार म्हैनं झालं हुतं. गल्लीत बूट वाजलं. सासूबाई कानात म्हणाल्या, पावसाची म्हण, पावसाची. आन माझं डोस्कं भिरभिरलं. मी जतकडची. आमचं घरचं बोलणं कानडी. आमच्यात पावसाला मळे म्हणत्यात."

"मळे?" एका मुलीनं नकळत विचारलं.

"मळे. मळे बंतु म्हंजे पाऊस आला. भ्यालं की आपलीच भाषा येती गं तोंडात. सासूबाई पाऊस म्हणाल्या, माझ्या मनात मळे आलं, आन मळे म्हणलं की तीच ओवी जिभंवर आली. तुमच्या मराठीत ती मळ्याची. मला त्या घडीला ती पावसाचीच वाटली, देवाशप्पत. दुसरी वळ म्हणेपर्यंत सासूबाईंनी तोंडावर हात दाबला. पण ओवी गेली हुती वर."

"आयला म्हाईत हुतं?" लालासाहेब म्हणाले. "आय खोटं बोलली?"

"मला भिंतीशी धरून म्हणाल्या, तू पावसाची म्हटलीस. कळलं? पावसाचीच. एक ल्योक गेला, दुसऱ्याचा संसार मी मोडू देणार न्हाई. म्हणून बोलल्या त्या. माझ्यापायी. त्यास्नी दोष देऊ नगा. त्या गेल्यावर सहा वर्सं मी गप ऱ्हायले, त्यो माझा दोष."

हंबीरराव बायकोसमोर येऊन उभे राहिले. पन्नाशीचा ताठ माणूस. अठ्ठावीस वर्षांच्या, मुलं होऊन मोठी झालेल्या संसारात त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता, आणि आताही उगारला नाही. त्यांनी अगदी हळू विचारलं.

"रमजानचं पाय कुणी झोडलं, म्हाईत हाय का तुला?"

"तुमी. आन भावजींनी."

"तू कुठं हुतीस?"

"दारात."

"बघत हुतीस."

"व्हय."

"आन गप ऱ्हायलीस."

"व्हय."

हातातलं लेझीम हंबीररावांनी चौथऱ्याच्या कडेला ठेवलं आणि ते फाटकाकडं चालू लागले. पलटणीतली चाल विसरून, साध्या दमलेल्या माणसासारखे गेले. त्या पाठीकडं बघताना बनुबाईंना वाटलं, झालं, हे आपलं माणूस आता गेलं.

त्यांनी चंद्राबाईंकडं बघायचं धाडस केलं. आता जे यायचं ते इथून यायचं होतं. आक्कानं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी तशी तयारीही केली.

चंद्राबाईंनी पुसलेले पेले टोपलीत नीट पालथे घातले. फडकं झटकलं, घडी केली. मग म्हणाल्या, "बनू, मी बी ऐकली हुती ती ओवी."

"आक्का?"

"गोठ्यातनं. कुडाखालनं मला पोलिसांच्या पायाच्या पट्ट्या दिसत हुत्या. आन आतनं तू मळ्याची म्हणाय लागलीस. मला वाटलं, पोरगी वेडी झाली का काय." त्यांचा स्वर सपाट होता, धान्य निवडताना बोलावं तशा त्या बोलत होत्या. "मी तोंड उघडलं हुतं. पावसाची म्हणायला. माझा आवाज त्यांच्या वळखीचा, तुझ्या ओवीवरनं माझी ऐकली असती तर ते फिरले असते माघारी. पर जात्याची ओवी देवाच्या नावानं सुरू व्हायची. बाहेरचीनं म्हणायची न्हाई, सासूबाईंची ताकीद हुती. मला वाटलं, आता इटाळात देवाचं गाणं म्हणलं तर त्यांच्यावरच काय तरी येईल. एवढा इचार करण्यात येळ गेला. तेवढाच येळ हुता."

लीलानं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"तुझं नाव मी सांगितलं असतं तर पयला प्रश्न मला आला असता. तू ऐकलंस, मग तू का वराडली न्हाईस? म्हणून मी शिंप्याला धरला. सगळ्यांबरूबर मी बी धरला. सोपं हुतं ते."

अठ्ठावीस वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या, एका जात्यावर दळत होत्या. एकमेकींचं खोकणंसुद्धा त्यांना ओळखू यायचं. आणि दोघींनीही तीच गोष्ट एकमेकींपासून लपवून ठेवली होती. बनुबाईंना रडू फुटलं. आपल्या अपराधाचं ते नव्हतं. ते गोठ्यातल्या त्या वीस वर्षांच्या पोरीसाठी होतं, जिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

लालासाहेबांनी खबऱ्या झालेल्या पोराच्या गळ्यातला टेप ओढून काढला. त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो खिशात कोंबला आणि खुर्चीत बसले ते बसलेच.

"काकी," शमशेर म्हणाला, "ह्ये मला सांगून काय उपेग? चला घरी."

रमजानचं दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. दोघी जावा, लीला आणि शमशेर तिथं पोचले तेव्हा तो खेळातल्या पोलिसांच्या खाकी चड्ड्या शिवत होता. उजव्या हातानं मशीनचं चाक, डाव्या हातानं कापड. त्याची बायको झुबेदा शेजारी काजं करत बसली होती. त्या घरची बाई पडवीत चढलेली बघून तिची सुई जागीच राहिली.

बनुबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. पटांगणात सांगताना जे एका दमात निघालं होतं ते इथं तुकड्यातुकड्यानं निघालं. तिथं गाव होतं, इथं तो एकटा माणूस होता. चंद्राबाईंनीही आपलं सांगितलं. चाकाच्या दांडीवर हात तसाच ठेवून रमजान ऐकत राहिला.

बोलली ती झुबेदा. "ह्या दारावरनं रोज पाण्याला जात हुता तुमी, वैनी."

"व्हय."

"एक दिस थांबायचं हुतं की."

माफी मागायचा शब्द बनुबाईंनी वाटेत जुळवून ठेवला होता, पण या बाईपुढं तो काढायची त्यांना लाज वाटली.

"रमजानकाका," लीला म्हणाली, "त्यो प्रवेश आमी काढून टाकला. आता जे घडलं त्येच दावणार. जातं, ओवी, सगळं. आमच्या घरातनं तुमच्यावर काय झालं त्ये बी."

रमजाननं पहिल्यांदा बनुबाईंकडं नीट पाहिलं. "वैनींचं नाव यील त्यात."

"यिऊ द्या," बनुबाई म्हणाल्या. "नाव घिऊनच दावा. न्हाईतर लोकं दुसरं कुणी तरी शोधत्याल."

"शमशेर, ताशे कुठं हायती?"

"ठिवलं खाली. आमी आता वाजवणार न्हाई, अब्बा."

"उचला. पोरींनी अडीच म्हैनं घसा फोडलाय. खेळ गावाचा हाय, लालासायबाचा न्हवं."

पडवीखाली कुणाची तरी सावली पडली. हंबीरराव आले होते. डोक्यावरचा पटका काढून हातात धरलेला, पायरीच्या खालीच उभे. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही पायरीवर पाय ठेवला नाही. रमजाननं त्यांना बघितलं, आणि पुन्हा मान वळवली.

"आमच्या अम्माचं सांगतो," तो म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "चांदबी. तुमच्या राहीबाईंच्या आदी दोन वर्सं गेली. जायच्या आदल्या दिशी मला जवळ बसवलं आन म्हणाली, रमजान, आता खरं सांग बेटा. काय ऐकलं हुतंस तू? मी म्हणालो, अम्मा, मळ्याची. तर ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. आन भितीकडं तोंड केलं." त्यानं दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "आईचं बरं कसलं असतं ते कळतं माणसाला. तिला पटलं न्हवतं."

झुबेदानं पदर डोळ्यांना लावला. तिला हे ठाऊक नव्हतं असं दिसलं.

"तवापास्नं मला बी वाटाय लागलं. एवढी माणसं म्हणत्यात. म्हातारीनं देवाची शप्पत घेतली. माझी आई मरताना बी म्हणत्या. मग मीच चुकीचं ऐकलं आसंल. वारा हुता त्या पहाटं. मी तरणा, अर्धा झोपंत. दादासो म्हणाले, कुठली रं ही? मी म्हणालो, मळ्याची. मी म्हणालो म्हणून ते उठले, वैनी. मग माझ्याच कानानं त्यांना मारलं का काय, असं मी आठ वर्सं मनात घिऊन बसलोय. पोराम्होरं हट्टानं म्हणायचो मळ्याची, मळ्याची. रातीला निजलो की वाटायचं, न्हवं. पावसाची आसंल."

त्यानं मशीनवरची खाकी चड्डी बाजूला सारली. मग रमजान म्हणाला, "एकदा म्हणा."

"काय?"

"तीच. जशी त्या पहाटं म्हटली तशी. मला ऐकू द्या."

त्या दिवसानंतर बनुबाईंनी ती ओवी कधी म्हटली नव्हती. लेकीला सांगितली नव्हती, एकटी असताना पुटपुटली नव्हती. मशीनशेजारच्या जमिनीवर त्या खाली बसल्या. हाताला धरायला खुंटा नव्हता, म्हणून पदराचं टोक मुठीत धरलं. चंद्राबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. पहिलाच शब्द आला तो जतकडच्या हेलानं, जो जावेनं घासून घासून घालवला होता:

मळे भिजले बाई, पाट चालला भरून
बंधू माझा राजस ये गं जेवाया दुरून

रमजाननं डोळे मिटले होते. ओवी संपली तरी त्यानं ते उघडले नाहीत. ओठ मात्र हलत होते. तो शब्द पुन्हा एकदा लावून बघत होता.

"हीच," तो म्हणाला. मग बायकोकडं वळला आणि लहान पोरासारखा तिच्या हाताला धरून सांगू लागला, "झुबेदा, हीच हुती गं. मी बरूबर ऐकलं हुतं."